पिवळ्या तोंडांची यादी

कुणाच्या घरी शिरण्याआधी चपला फिरवून ठेवायच्या, तोंड रस्त्याकडे. निघताना वेळ जात नाही.

ऑक्सिमीटर आधी स्वतःच्या बोटाला लावायचा, मग समोरच्याच्या.

'ताप न्हाय' असं कुणी सांगितलं की सांगणाऱ्याकडे बघायचं नाही. घरातल्या लहान पोराकडे बघायचं. पोर हसलं की ताप आहे.

कुणाकडे चहा घ्यायचा नाही. पाणी आपल्या बाटलीतलं.

मास्क हनुवटीवर उतरलेल्या माणसाशी बोलायचं नाही. आपल्या नाकावर बोट ठेवून त्याच्यासमोर गप्प उभं राहायचं.

फळा ओल्या फडक्यानं पुसायचा. कोरड्यानं पुसला तर कालचा आकडा खालून दिसत राहतो.

राग आला की आकडे मोठ्यानं वाचायचे.

बायजा घरतच्या या सवयी बेलखारात सगळ्यांना पाठ होत्या. रिक्षावाले एकमेकांसमोर नाकावर बोट ठेवून उभे राहायचे आणि हसायचे. बायजा बघायची आणि पुढे जायची. तेरा वर्षं ती गावात आशाताई होती. बाळंतपणं, पोरांचे डोस, क्षयाच्या गोळ्या, हे करताना तिला कुणी हसलं नव्हतं. कोरोना आला आणि तिचं सोंग झालं.

बेलखार रेवसपासून चार किलोमीटरवर, खाडीच्या काठाला. खाली मोहल्ला. तिथली आशा सकिना. वर आगरी आळी आणि शेताकडची वाडी, ती बायजाची. दोघींची मिळून तीनशे चाळीस घरं. पहिल्या टाळेबंदीत शाळा बंद झाली तेव्हा बायजानं सातवीच्या वर्गातला फळा उचलून आणला आणि एस.टी.च्या थांब्यावर उभा केला. चार रकाने आखले. आज नवे. एकूण. बरे झाले. गेले. रोज सकाळी नऊला आकडे लिहायचे. जिल्ह्याचे आकडे मोबाइलवर येत होते, पण जिल्ह्याच्या आकड्यात बेलखार दिसत नव्हतं. बायजाला बेलखार दिसायला हवं होतं.

तेव्हा लोक दुधाआधी फळा बघायला यायचे. गणपतीनंतर एकूणचा आकडा सत्तरवर गेला. त्या दिवसांत फळ्यासमोरसुद्धा माणसं सहा फूट लांब उभी राहत, जणू आकडाच अंगाला लागेल.

मग आकडे उतरले. डिसेंबरात एखाददुसरा. जानेवारीत शून्य. सलग एक्केचाळीस दिवस बायजानं 'आज नवे'च्या खाली शून्य लिहिलं. रेवसची लाँच पुन्हा भाऊच्या धक्क्याला जाऊ लागली. शनिवारी बंगलेवाल्यांच्या गाड्या येऊ लागल्या. नववी-दहावीचे वर्ग भरले. शाळेनं फळा परत मागितला. बायजानं दिला नाही.

"शून्य लिवायला फला लागतो काय?" सरपंच विनेश म्हणाला.

"शून्य दिसायला पायजे."

"दीड महिना दिसतंय. आता डोल्यात खुपाया लागलंय."

फळ्यापुढे कुणी थांबेनासं झालं. एका सकाळी त्यावर डीजेची जाहिरात चिकटवलेली होती. बायजानं नखानं खरवडून काढली. पंचायतीच्या दाराला सॅनिटायझरची बाटली सुतळीनं बांधलेली होती. ती दिवाळीपासून रिकामी होती. येणारा प्रत्येक जण तिचं डोकं दाबायचा, कोरडे हात एकमेकांवर चोळायचा आणि आत जायचा. मास्क सगळ्यांकडे होता. तो लाँचवर चढताना लागायचा, कारण धक्क्यावर पोलीस असायचा. पोलीस मागे पडला की मास्क खिशात. बायजा विचारायची, "पोलिसाला कोरोना व्हतो आनि तुमाला न्हाय काय?" लोक म्हणायचे, "आशाताय, तुमचा पगार चालू हाय ना अजून? मंग झालं तर."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शून्याचे दोन झाले. एक बाई मुंबईहून आलेली, दुसरा तिचा दीर. बायजानं दोन जरा मोठे काढले. कुणी बघितले नाहीत. सगळं गाव त्या आठवड्यात तिच्याच माहेरी गुंतलं होतं. तिच्या भावाच्या, बाळाजीच्या मुलाचं, कुलदीपचं लग्न मार्चच्या मध्यावर होतं, त्याची तयारी चालली होती.

बायजाचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन आळ्या सोडून. आई टायफॉइडनं गेली तेव्हा बायजा आठ वर्षांची होती आणि बाळाजी रांगत होता. तिनं त्याला कडेवर घेऊन दुसरी-तिसरीचा वर्ग केला. मास्तर म्हणायचे, हजेरीत याचंही नाव घालू का? सातवीनंतर शाळा सुटली. दहावी तिनं लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दिली. पास झाली त्या दिवशी बाळाजीनं आळीत पेढे वाटले. तेव्हा तो नुकताच न्हावा शेव्याला ट्रेलरवर लागला होता. आता तो पंचेचाळीसचा होता आणि आठ वर्षं साखरेचा पेशंट. रोज पोटात इन्सुलिन टोचून घ्यायचा. मार्चपासून अशा आजारवाल्यांना लस सुरू झाली. बायजानं त्याच्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं, तारीख लावून घेतली आणि सांगायला गेली.

"लगीन व्हऊन जाऊ दे, बाय," बाळाजी म्हणाला. "डोस घेतला का दोन दिवस ताप येतो म्हनतात. पोराच्या लग्नात मी काय गोधडी घेऊन निजू?"

"आजून बारा दिवस हायत."

"मांडव कोन घालनार? तू?"

मग तो आत गेला आणि एक कागद घेऊन आला. खुशीत होता. "ह्यो बग. पन्नास. पंचवीस आमची, पंचवीस त्यांची. भटजी आनि फोटोवाला धरून. पायजे तर फल्यावर लाव."

बायजानं नावं मोजली. बरोबर पन्नास होती. तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आनि हलदीला?"

"हलदीला काय?"

"किती मानसं?"

बाळाजीला प्रश्नच कळला नाही. "हलदीला कोन मोजतंय?"

तो लबाडी करत नव्हता. हीच तर बायजाची पंचाईत होती. आगरी माणसाचं लग्न अर्ध्या तासात उरकतं. हळद गावाची असते. पत्रिका लग्नाची छापतात, पण सोयरा रुसतो तो हळदीवरून. सरकारनं लग्नाला पन्नास म्हटलं. खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांनी ते साफ मनानं मान्य केलं आणि लग्नाला पन्नासच माणसं नेली. हळदीचा कुणी विचारही केला नाही. चोरी करणाऱ्याला पकडता येतं. ज्याला आपण चोरी करतोय हेच वाटत नाही, त्याला कुठे धरायचं?

बायजा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर म्हणाले, "पोलिसांना कळवा." तिनं बीटच्या हवालदाराला फोन लावला. नाव, गाव, तारीख सगळं सांगितलं.

"कुलदीपची हळद ना?" हवालदार म्हणाला. "ताई, मला आमंत्रण आहे."

घरी येऊन ती सदासमोर बसली. सदा तिचा नवरा, लाँचवर खलाशी. कमी बोलायचा.

"जाऊ दे गो," तो म्हणाला. "खारीचा बांध फुटून खाडी शेतात शिरली तर एकटा मानूस काय करनार?"

"पयला धावतो तो एकटाच आसतो."

"व्हय. आनि पयला वाहून पन तोच जातो."

बायजाच्या हातात एकच गोष्ट होती. तिच्या माहेरी मुलाला पहिली हळद आत्या लावते. आत्यानं हात लावल्याशिवाय दुसरं कुणी वाटीत बोट घालत नाही. बाळाजीच्या हळदीला हे त्यांच्या आत्यानं केलं होतं. कुलदीपला आत्या एकच होती.

हळदीच्या दिवशी ऊन कलल्यावर ती गेली. नवी साडी, केसात गजरा, तोंडावर दोन मास्क, हातात ताप मोजायचं पिस्तूल. मांडवाच्या तोंडाशी तिनं प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसली. येणाऱ्याच्या कपाळावर पिस्तूल रोखायची आणि वहीत रेघ मारायची. लोकांना आधी मजा वाटली. पोरीबाळी पुन्हा पुन्हा येऊन कपाळ पुढे करत होत्या. पन्नासावी रेघ मारल्यावर तिनं खुर्ची फिरवून मांडवाच्या दारात आडवी टाकली.

"झाले पन्नास."

"काय झाले?" एक्कावन्नावा म्हणाला. तो विनेश होता.

"आत पन्नास हायत. कोनी भायेर आलं का तुला सोडते."

"आगो, मी सरपंच हाय."

"मंग तुला तर आदी कलाया पायजे."

मागे गर्दी वाढत गेली. बाळाजी आतून धावत आला. नवा सदरा घामानं चिकटला होता. "बाय, काय लावलंस हे? बाकरवाडीचे सोयरे रस्त्यावर उबे हायत. आबरू चालली माजी."

"पन्नासावर एक मानूस आलं तर मी हलद लावनार न्हाय."

 बाळाजीनं लहानपणापासून तिचं ऐकलं होतं. ती काय बोलते आणि काय करते यात फरक नसतो हे त्याला ठाऊक होतं. आत पाटावर कुलदीप बसला होता, उघडा, मुंडावळ्या बांधून. समोर वाटी. कुणी हात लावत नव्हतं.

पाच मिनिटं गेली. मग बाळाजी बाहेर गेला आणि लोकांशी काहीतरी बोलला. कुणी भांडलं नाही. बायजाला आश्चर्य वाटलं. डीजेच्या पोरांनी दोन भिंतींएवढे स्पीकर उचलले आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवले. जेवणाची टेबलं उचलून शेजारच्या खळ्यात गेली. बघता बघता हळद मांडवातून निघून रस्त्यावर गेली. आत पन्नास. बाहेर सगळं गाव. बायजाची अट कुणी मोडली नव्हती.

"आता लाव," बाळाजी म्हणाला. तो खरंच तिची अडचण दूर करून आला होता. चेहऱ्यावर तसाच आनंद होता.

बायजा उठली.  ती पाटाजवळ गेली, वाकली आणि कुलदीपच्या पावलांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली. पोरगा हसला. "आत्ये, मास्क काढ ना, फोटोत तू दिसत न्हायस." तिचा हात वाटीतून निघतोय तोच गाव आत शिरलं. कुणीतरी मागून ओंजळभर हळद तिच्या तोंडावर फासली. मास्क ओला झाला. ओल्या मास्कमधून श्वास येईना. तिनं दोन्ही मास्क काढले.

लग्न दुसऱ्या दिवशी पन्नास माणसांत झालं. मोजून.

पाचव्या दिवसापासून बायजा घरोघर फिरायला लागली. आळीत खोकला होता. ताप कुणालाच नव्हता. एकाला पित्त होतं. एकाला ऊन लागलं होतं. एकीचं डोकं डीजेनं दुखत होतं. एक म्हातारी म्हणाली, "हलदीचं मटन बाधलं." बायजानं तिच्या नातवाकडे बघितलं. नातू हसला. तपासणीला यायला कुणी तयार नव्हतं. तपासणीत सापडलं की आळीच्या तोंडाला बांबू लागतो, बांबू लागला की लाँचवाले चढू देत नाहीत, कंपनीवाले गेटवर अडवतात. सगळं आत्ता कुठे उघडलं होतं. फळ्यावर शून्य, दोन, दोन, पाच. बायजाला माहीत होतं की हे आकडे खोटे आहेत. तिनं ते तरीही लिहिले, कारण तपासल्याशिवाय खरे आकडे लिहिता येत नाहीत.

सातव्या दिवशी बाळाजी ओट्यावर पाय सोडून बसला होता. नवी सून पाचपरतावणाला माहेरी गेली होती. तो वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेत होता.

"जागरनं झाली," तो म्हणाला. "दोन दिवस निजलो का जाईल."

बायजानं ऑक्सिमीटर आपल्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. मग त्याच्या. अठ्ठ्याऐंशी.

"तुजं मशीन बिघडलंय."

तिनं पुन्हा लावला. सत्त्याऐंशी. बायजा आकडे मोठ्यानं वाचायला लागली. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. तिचा आवाज चढत गेला. शेजारची माणसं ओट्यावर आली. "सहाशे मानसं," ती म्हणाली. "डोसाची तारीख लावलेली. बारा दिवस व्हते." बाळाजी तिचा हात धरून म्हणाला, "आगो, वरडू नको. येतो."

विनेशच्या गाडीतून त्याला अलिबागला नेलं. त्याच दिवशी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. ऑक्सिजनवर ठेवलं. कुलदीप बाहेर पायरीवर बसून राहिला. त्याच्या हातापायांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बायजाला आणि सकिनाला बोलावलं. "हळदीला कोण कोण होतं त्याची यादी द्या. एकेकाला तपासायला आणा. वेळ गेला तर अजून बाळाजी होतील."

बायजा वही घेऊन फिरली. दिवसभर फिरली. सहाशे माणसांच्या हळदीला कुणीच नव्हतं. विनेश म्हणाला, "मी उब्या उब्या आलतो, तुज्याच समोर तर अडकलो." बाकरवाडीचे म्हणाले, आम्ही रस्त्यावर होतो, रस्त्यावर मोकळी हवा असते. संध्याकाळी वहीत नऊ नावं होती. त्यातली चार तिच्याच घरातली.

युक्ती सकिनाची. "ताई, तुमची हळद तर यूट्यूबवर आहे! आमच्या मोहल्ल्यातपण सगळ्यांनी पाहिली. तीन तास दहा मिनिटं."

फोटोवाल्यानं सगळा कार्यक्रम चढवला होता. नाव दिलं होतं, कुलदीपची धमाल हळद. विनेशच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं फोटोवाल्याला फोन करून तो काढायला लावला. पण सकिनाचा नवरा वासिफ आखातातून सुट्टीवर आला होता. त्याच्या लॅपटॉपवर सकिनानं तो आधीच उतरवून घेतला होता. "मला तुमचे सरपंच माहीत आहेत," ती म्हणाली.

अंगणवाडीत दोघी बसल्या. खिडक्या उघड्या, मध्ये लॅपटॉप, दोघींच्या तोंडावर मास्क. सकिना थांबवायची, बायजा नाव सांगायची आणि लिहायची.

पहिली दहा मिनिटं सोपी गेली. नंतर पडदाभर पिवळी तोंडं आली. डोळे आणि दात तेवढे दिसत होते.

"या अल्ला," सकिना म्हणाली. "ही तर सगळी एकाच आईची लेकरं."

"थांब. मागं घे. ह्यो लंगडतोय ना, ह्यो वाडीतला कान्हा. बैलानं लाथ मारलेली."

"आणि ही?"

"हिची साडी वलखली. माजीच हाय. ननंदेनं नेलती, परत दिली न्हाय."

"हा बघा, रुमाल दातात धरून नाचतोय. उभ्या उभ्या आलेला माणूस."

"विनेश! लिव. नको, मीच लिवते. येक तास दोन मिनिटं. निला शर्ट. दोनदा खाली लोललाय."

सकिना हसायला लागली. मग एकदम थांबली. पडद्यावर खळ्यातल्या टेबलाशी एक बुरखेवाली म्हातारी पान वाढून घेत होती. "ही माझी सासू! मला म्हणाली मी घरी कुराण वाचत बसले होते. तौबा, तौबा. बोट बघा, अजून भात वाढ म्हणतेय."

"लिवू?"

"लिहा. पुढे कंसात लिहा, दोनदा वाढून घेतलं."

पुढच्या चौकटीत हवालदार होता. त्याच्या फक्त टोपीला हळद नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बायजा दारात उभी राहून वेळ सांगू लागली. "मी न्हवतो" असं कुणी म्हटलं की वही उघडायची. "पंचेचालीसाव्या मिन्टाला. डीजेच्या उजव्या अंगाला. बनियान." समोरचा माणूस बायकोकडे बघायचा, बायको आत निघून जायची आणि माणूस तपासणीला यायचा. ज्याला भीतीनं हलवता आलं नव्हतं त्याला लाजेनं हलवलं. दोन दिवसांत साठ माणसं आली. एकोणीस पॉझिटिव्ह निघाली. सकिनाच्या सासूला काही झालं नव्हतं. ती म्हणाली, बघ, आणि तू मला बोलत होतीस. विनेश पॉझिटिव्ह होता. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि तो तोवर चार गावांत फिरून आला होता.

फळ्यावर एकोणीसचा आकडा आला आणि लोक पुन्हा थांबून बघू लागले. एकानं बायजाला ऐकवलं, "आशाताय, तुमीच शोधून काडले म्हनून वाडले. न्हाय तर व्हते कुटं?" बायजानं खडू त्याच्यापुढे धरला. "घे. तूच लिव मंग, तुला पायजे तो."

रोज संध्याकाळी कुलदीपचा फोन यायचा. आज ब्याण्णव. आज नव्वद, पण जेवले. आज मास्क बदलला, मोठा लावला.  बायजा आकडा मनात धरायची आणि अंगणवाडीत जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले होते, वेळ गेला तर अजून होतील. ती घाई करत होती. यादी दोनशेवर गेली होती.

चौथ्या दिवशी दुपारी व्हिडिओ एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांवर होता. डीजेचं गाणं बदललं होतं आणि रस्त्यावर नवा घोळका आला होता. बायजानं दोनशे चौदावं नाव लिहिलं. खाली दोनशे पंधरा हा आकडा लिहून टिंब दिलं.

"थांब," ती म्हणाली.

सकिनानं थांबवलं. तेवढ्यात फोन वाजला. कुलदीप होता.

"आत्ये, तू ये."

"किती हाय?"

"आत्ये, तू ये ना."

सदानं कुणाची तरी मोटारसायकल आणली. ती अलिबागला पोचली तेव्हा कुलदीप पायरीवर नव्हता, कागदावर सही करत होता. देह घरी द्यायचा नव्हता. स्मशानात नात्यातली पाच माणसं चालतील असं सांगण्यात आलं. बायजानं पाच नावं सांगितली. कुणी सहावा आला नाही. तिथं कुणी युक्ती काढली नाही.

रात्र सरली. सकाळी नऊला ती फळ्यासमोर उभी होती. विनेश घरात बंद होता, त्यानं फोन केला.

"बाय, आयक. तो अलिबागला गेला. ती लोकं तिथल्या आकड्यात धरतात. आपल्या गावावर कशाला घेतंस? आनि त्याला तर शुगर व्हती."

"मानूस इथला व्हता," बायजा म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं फळा ओल्या फडक्यानं पुसला. 'गेले'च्या खाली तीनचे चार केले. थांब्यावर आठ-दहा माणसं होती.  ती वळून गेल्यावर मागे एक बाई म्हणाली, "सख्ख्या भावाला पन लिवलंन." बायजाला ते ऐकू आलं.

गावात पुढे बरेच दिवस सांगत होते की बाळाजी साखरेनं गेला. बायजा सुरुवातीला ज्याला त्याला दुरुस्त करायची. मग तेही सोडलं. बाराव्याला माणसं मोजायला तिनं दारात खुर्ची टाकली नाही. त्या दिवशी आपोआप कमी आली.

तेराव्या दिवशी ती परत फिरू लागली. चपला, पिस्तूल, वही. एप्रिलात पुन्हा सगळं बंद झालं. लाँच बंद झाली. लशीसाठी रांगा लागल्या आणि तिला हसणारे रिक्षावाले पहाटे पाचला तिच्या दारात टोकनसाठी उभे राहिले. तिनं सगळ्यांची नावं घातली. एकालाही टोचून बोलली नाही. निदान फारसं नाही. जूनमध्ये पुन्हा शून्य आलं, पुन्हा गाव उघडलं, आणि सॅनिटायझरच्या रिकाम्या बाटलीचं डोकं लोक पुन्हा दाबू लागले. आळीत एक लग्न ठरलं. मुलाचा बाप बायजाकडे आला आणि खाली बघत विचारून गेला, हळदीला किती चालतील. ती म्हणाली, पन्नास. तो म्हणाला, साठ नको का? ती म्हणाली, पन्नास.

सकिनानं मधे एकदा विचारलं होतं, "ताई, त्या व्हिडिओचं राहिलंय. अजून सव्वा तासाच्या वर आहे."

"करू," बायजा म्हणाली.

डॉक्टरांनीही एकदा यादी मागितली. मग तेच म्हणाले, आता चौदा दिवस उलटून गेले, उपयोग नाही, राहू द्या. बायजा मान हलवून आली. तिनं दुसरं कुठलंच काम अर्धवट टाकलं नाही. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांचे दुसरे डोससुद्धा सकिनाबरोबर जाऊन पुरे केले. वासिफ सुट्टी संपवून निघाला तेव्हा त्यानं लॅपटॉप नेण्याआधी विचारायला सकिनाला पाठवलं, तो व्हिडिओ काढून टाकू का? बायजानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं तो पेनड्राइव्हवर घालून दिला.

वही तिच्या पिशवीत आहे. शेवटच्या पानावर दोनशे चौदा नावं संपतात आणि खाली दोनशे पंधरा, टिंब. चित्र जिथे थांबलं होतं तिथे बाळाजी कुणाच्या तरी खांद्यावर बसला आहे. दोन्ही हात वर, तोंड उघडं, तो गातोय. ज्यानं त्याला उचललं आहे त्याचं तोंड कानापर्यंत हळदीनं माखलंय. तो कोण, ते लिहायचं राहिलं आहे.